बोन्साय घरात कोंडू नका

महोदय,

बडोद्याचं नावच वडावरून आलेलं. त्याच गावात वडाच्या बोन्सायचे हाल बघवत नाहीत, म्हणून हे पत्र.

गेल्या दिवाळीत भाचीने एका नर्सरीतून वडाचं बोन्साय आणलं. ‘एसीतही चालतं, आठवड्यातून एकदा पाणी घाला,’ असं तिला सांगितलेलं. होळीपर्यंत पानं झडली. झाड माझ्याकडे आलं तेव्हा पाहिलं, तर वरचे पांढरे खडे एकमेकांना चिकटवलेले. पाणी घातलं की कडेने ओघळायचं, मुळांपर्यंत थेंब नाही. फांदीला वळण द्यायला गुंडाळलेली तार तर इतकी रुतलेली, की तिच्यावर साल चढली होती. अशी तार उलगडायची नसते. पक्कडीने तुकडे करत काढली. दुपार गेली.

माझा स्वतःचा वड १९९८ साली दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या भिंतीच्या फटीतून काढलेला. जेमतेम दीड फूट उंच, पण पारंब्या मातीला टेकल्यात! तो बारा महिने गच्चीवर असतो. उथळ कुंडी मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी पडते, म्हणून दोनदा पाणी आणि वर हिरवी जाळी. एरवी मातीत बोट खुपसून ओल बघायची, वार बघून पाणी घालायचं नाही. दोन-तीन वर्षांनी पावसाच्या तोंडावर मुळं छाटून माती बदलतो.

विक्रेत्यांनी झाडाचं नाव, ऊन आणि पाणी एवढं तरी चिठ्ठीवर खरं लिहून द्यावं, आणि खडे चिकटवणं आजच बंद करावं.

भाचीच्या झाडाला तीन कोंब फुटलेत.

– एक वाचक, बडोदे