जे आणशील ते

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोन ठेवल्यापासून एक वाक्य मनातून जात नाहीये. मी विचारलं होतं, येताना पुस्तकं आणू का? बाबा म्हणाले, "माझ्यासाठी नको गं, आता अक्षरं पोहतात." आणि आई, तू म्हणालीस, "मला काय, जे आणशील ते."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दर शनिवारी बाबा पिशवी घेऊन वाचनालयात निघाले की तू आतून हेच म्हणायचीस. इतक्या वर्षांत ते कधी कानाला खटकलं नव्हतं. या वेळी खटकलं, आणि का ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमच्याबरोबरचे ते शनिवार मला जसेच्या तसे आठवतात. देवघेवीचं टेबल माझ्या डोक्याच्या वर होतं. भिंतीशी सूचीच्या कार्डांची ती लांबट खणांची कपाटं. तुम्ही मला उचलून धरायचात आणि मी खण ओढायची. प्रत्येक कार्डाला खाली भोक, त्यातून आरपार गेलेली धातूची सळई, म्हणजे कुणी कार्ड काढून नेऊ नये आणि क्रमही बिघडू नये. एकाच पुस्तकाची लेखकाच्या नावाने, पुस्तकाच्या नावाने आणि विषयाने अशी वेगवेगळी कार्डं असतात हे तुम्हीच मला समजावलं होतं. मग चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा, ती आत द्यायची आणि वाट बघायची. कपाटांपर्यंत जायला आपल्याला परवानगी नव्हती. 'आत' नेमकं काय आहे, याची मी किती चित्रं रंगवली असतील!

आणि ती दोन खाकी पाकिटं. जाड कागदाची, वर बाबांचं नाव आणि सभासद क्रमांक. एका पाकिटावर एक पुस्तक. पुस्तकाच्या आत एक छोटं कार्ड असायचं. पुस्तक घेतलं की ते कार्ड काढून आपल्या पाकिटात सरकवायचे आणि ही जोडी परतीच्या तारखेमागे लाकडी ट्रेमध्ये उभी करायचे. पुस्तक परत दिलं की कार्ड पुस्तकात आणि पाकीट आपल्या हातात. या रीतीला ब्राऊन पद्धत म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. तिची एक गोष्ट मला मनापासून आवडते. जोडी सुटली की कुणी काय वाचलं याची नोंद त्या ट्रेमध्ये उरत नसे. तारखेचा शिक्का राहायचा, माणूस राहायचा नाही.

तुम्हीही तसेच वागलात, बाबा. मी काय निवडलं यावर एकदाही "हे कशाला?" म्हणाला नाहीत. अकरा वर्षांची असताना बुडालेल्या जहाजांवरचं एक जाडजूड पुस्तक मी हट्टाने घेतलं आणि दहाव्या पानाच्या पुढे गेले नाही. तुम्ही पाहिलं होतं. पुढच्या शनिवारी तुम्ही काही न बोलता माझं पाकीट माझ्या हातात दिलंत. मोठेपणी मला निर्णय घ्यायची भीती कमी वाटली असेल, तर त्याचं मूळ त्या पाकिटात आहे असं मला खरंच वाटतं.

पण पाकिटं दोनच होती. एकावर बाबांचं पुस्तक, एकावर माझं. आई, तुझं पाकीट कुठे होतं?

तू दोन्ही पुस्तकं वाचायचीस. सगळे झोपल्यावर, दिव्याला कागद लावून उजेड कमी करून. बाबांची चरित्रं आणि प्रवासवर्णनं, माझ्या परीकथा आणि नंतर माझ्या रहस्यकथा. शनिवारच्या आत संपवायचीस, कारण पुस्तकं आमच्या वेळापत्रकाने परत जायची. कितीतरी वेळा मी परत करायला पुस्तक उचललं तेव्हा शेवटच्या पानांत तुझी खुणेची सुतळी होती. मी ती काढून बाजूला ठेवायची आणि पुस्तक पिशवीत टाकायची. आई, ते आठवलं की आता घशाशी येतं.

थोडं वेगळं सांगते, मग याच गोष्टीवर परत येते. तुम्हा दोघांपासून मी एक लपवलं आहे. तीन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली होती. तुम्हाला मी ते चार महिने सांगितलं नाही, आणि नंतर सांगितलं तेही 'नोकरी बदलली' असं. त्या चार महिन्यांत मी रोज सकाळी दहाला घरातून निघायची आणि ग्रंथालयात जाऊन बसायची. आई, तू एकदा दुपारी फोन केलास आणि म्हणालीस, "ऑफिसात इतकं शांत कसं?" मी जिन्यात उभी होते. "सगळे कामात आहेत," म्हणाले. वाचनकक्षात सगळे खरोखर कामातच होते, पण मी तुला फसवत होते. त्याबद्दल आज माफी मागते.

तिथेच का गेले? कारण दुसरी अशी जागा मला सुचली नाही, जिथे दिवसभर बसलं तरी काही विकत घ्यावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही आणि एकटं असूनही एकटं वाटत नाही. समोर एक मुलगा परीक्षेचा अभ्यास करायचा. कोपऱ्यातले एक आजोबा रोज तीच तीन वर्तमानपत्रं त्याच क्रमाने वाचायचे. आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. तरी एक दिवस मी उशिरा पोचले तेव्हा माझी खुर्ची रिकामी होती आणि आजोबांनी मान हलवली, आलीस ना, अशी. त्या दिवशी मला जगायला तेवढं पुरलं.

या ग्रंथालयात कपाटं मोकळी आहेत. मुक्तद्वार. लहानपणीच्या त्या 'आत'मध्ये आता मी स्वतः फिरते. सुरुवातीला मी फक्त ६५८ क्रमांकाच्या रांगेत जायची. मेलविल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा मोठे वर्ग पाडून त्यांना दशांशाचे क्रमांक दिले. त्यात ६५८ म्हणजे व्यवस्थापन. मुलाखतींची तयारी करायची म्हणून मी तिथे खेटे घालत होते. पण तिथे पोचायला ५०० च्या रांगांवरून जावं लागायचं, म्हणजे खगोल, खडक, झाडं, प्राणी. एक दिवस ५९८ पाशी पाय थांबले. ५९८ म्हणजे पक्षी.

तिथे उभ्याउभ्या मी गॉडविट नावाच्या पाणथळीतल्या पक्ष्याबद्दल वाचलं. तो अलास्काहून निघतो आणि पॅसिफिक महासागर ओलांडून थेट न्यूझीलंडला उतरतो. ११,००० किलोमीटरहून जास्त, मध्ये एकदाही न थांबता, न खाता. निघण्याआधी तो अंगावर भरपूर चरबी साठवतो, आणि त्याचे पचनाचे अवयव आक्रसतात, कारण वाटेत त्यांचा उपयोग नसतो, नुसतं ओझं. मला नोकरी नव्हती, पुढचं काही दिसत नव्हतं, आणि मी एका पक्ष्याच्या आतड्यांविषयी वाचून रडत होते. कुणी विचारलं असतं तर मला कारण सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही. ज्या पुस्तकाचं नावच माहीत नाही ते शोधणार कसं? रांगेतून चालताना ते आपल्याला गाठतं, आणि त्यासाठी पाय तिथे न्यावे लागतात. आई, मला तुझ्याविषयी लिहायचं आहे ते हेच.

त्याच काळात मी शियाळी रामामृत रंगनाथन यांच्याविषयी वाचलं. ते गणित शिकवायचे. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, मग लंडनला जाऊन ग्रंथालयं पाहून आले, आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री पुस्तकरूपाने मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पहिलं सूत्र वाचून वाटतं, यात काय सांगायचं? पण युरोपात कित्येक शतकं पुस्तकं कपाटाला साखळीने बांधलेली असत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तशी कपाटं आजही आहेत. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला, त्यामुळे पुस्तकांचे कणे आत आणि पानांच्या कडा बाहेर. पुस्तक उघडायचं तर त्याच्यापाशीच थांबायचं.

तिसरं सूत्र मला एका तारीखपट्टीने शिकवलं. तळाच्या फळीवर नद्यांवरचं एक पुस्तक सापडलं, आणि त्यावरचा शेवटचा शिक्का एकोणीस वर्षांपूर्वीचा होता. एकोणीस वर्षं ते पुस्तक तिथे उभं होतं! मी ते घरी आणलं, पूर्ण वाचलं. परत करताना वाटलं, कुणीतरी न मागता याला एवढी वर्षं जागा दिली, झटकलं, कसर लागू दिली नाही, म्हणून ते माझ्यापर्यंत आलं.

बाबा, तुमचं ते कॉलेजातलं पुस्तक आठवतं का, जे उघडलं की पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटतात? तुम्ही स्वतःला दोष देता की नीट सांभाळलं नाही. दोष कागदाचा आहे. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई पसरू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटीच्या जातीची द्रव्यं घालत, त्यांतून आम्ल तयार होऊन कागद आतूनच झिजतो. त्याच्या आधीचा चिंध्यांचा कागद कितीतरी जास्त टिकतो. जुन्या पुस्तकाचा तुम्हाला आवडणारा तो वासही पानांच्या हळूहळू विघटन होण्याचाच. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

आता डोळ्यांचं. "अक्षरं पोहतात" म्हणून तुम्ही कार्डाचं नूतनीकरण केलं नाहीत, हे आईने मला हळूच सांगितलं. ग्रंथालयांत मोठ्या टाइपाची पुस्तकं असतात, ऐकायची पुस्तकं असतात. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करायला कायद्याची आडकाठी येऊ नये, म्हणून २०१३ मध्ये माराकेशला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. तुमच्यासारख्या माणसांसाठी इतक्या लोकांनी इतकी खटपट केली आहे. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, असं तुम्ही म्हणाल. मला वाचता येत नव्हतं तेव्हा तुम्ही मला किती पुस्तकं वाचून दाखवलीत! ते माझं वाचन नव्हतं असं मी मुळीच मानत नाही.

आणि आई, दुसरं सूत्र. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. हे मी वाचलं तेव्हा तुझी सुतळी आठवली. तू शेकडो पुस्तकं वाचलीस, आणि त्यातलं एकही तू निवडलेलं नव्हतंस. कुठल्या ट्रेमध्ये तुझ्या नावाची जोडी कधी उभी राहिली नाही. तुला काय आवडतं, हे मला या वयातही माहीत नाही. तुझ्या आवडीची साडी मला सांगता येते, पुस्तक येत नाही. बाबा, तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल. तुम्ही तिला कधी अडवलं नाहीत, हे मला माहीत आहे. विचारलं मात्र आपण कुणीच नाही, आणि मी तर तिची खूण काढून पुस्तक घेऊन जायची.

म्हणून येताना मी पुस्तकं आणणार नाही. मी आले की आपण तिघं ग्रंथालयात जाऊ. मी चौकशी केली आहे, वाचनकक्ष तळमजल्यावर आहे, बाबांना जिना चढावा लागणार नाही. बाबा ऐकायच्या पुस्तकांच्या विभागात बसतील, मी वर्तमानपत्रांपाशी. आई, तू कपाटांमध्ये एकटी जाशील. हवा तितका वेळ. मी काही सुचवणार नाही, मागे मागे येणार नाही. काही नाही आवडलं तर रिकाम्या हाताने ये, पुन्हा जाऊ. दहाव्या पानावर सोडलंस तरी चालेल. आणि काय घेतलंस हे मला दाखवायचं की नाही, तेही तूच ठरव.

सभासदत्वाचा अर्ज या पत्रासोबत ठेवला आहे. तुझं नाव मी भरलेलं नाही, ते तुझ्याच अक्षरात असू दे. दोन फोटो लागतात, मागच्या खेपेला काढलेले कपाटाच्या वरच्या खणात पाकिटात आहेत. खाली जिथे मी पेन्सिलने फुली केली आहे, तिथे सही कर. बाबांची चालत नाही, माझीही नाही. तुझीच लागते.

तुमची लेक