डॉक्टरची दहा मिनिटं

खानापूर

प्रिय सद्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. आईची साखर आटोक्यात, माझा गुडघा होता तसाच. बास. आता कामाचं बोलतो, कारण हे घरात बोलायची सोय नाही. पुतणी अगाथा ख्रिस्तीचं ते रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाचं पुस्तक वाचतेय. आत्ताशी कुठं प्रेत सापडलंय आणि तिचा सगळा संशय बटलरवर. मी तोंड उघडलं तर मला परड्यात झोपायला लावेल.

हो, तेच पुस्तक. याच्यावरून निपाणीच्या बसमध्ये आपली अशी जुंपली की कंडक्टर मध्ये पडला. तुझं म्हणणं, बाईनं कमाल केली. माझं म्हणणं, गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी निघाला तर वाचकानं धरायचं कुणाला? आपण वाढलो बाबूराव अर्नाळकरांवर. झुंजार वाटेल ती सोंगं घ्यायचा, पण सांगणाऱ्यानं कधी सोंग घेतलं नाही. म्हणून बाईवर फुली मारली ती मारलीच.

आता पोरगी कॉलेजला गेली की पुस्तक माझ्या हातात. खुनी माहीत, त्यामुळं नुसता डॉक्टरच्या मागं लागलोय. आणि सद्या, हा माणूस खोटं बोलतच नाही रे! अ‍ॅक्रॉइडच्या खोलीत पत्र आलं तेव्हा नऊला वीस कमी. हा बाहेर पडला तेव्हा नऊला दहा कमी. खून केला त्या मधल्या दहा मिनिटांचं नाव नाही. वर दाराच्या मुठीवर हात ठेवून मागं वळून बघतो, काही करायचं राहिलं तर नाही ना म्हणून! पहिल्यांदा वाचताना आपल्याला वाटलेलं, काय जपणारा डॉक्टर. प्रेत सापडल्यावर म्हणतो, करण्यासारखं थोडंफार होतं ते केलं. आपण समजतो, नाडी बघितली असेल. यानं मेलेल्याचा आवाज ऐकवणारा डिक्टाफोन बॅगेत टाकला आणि त्याच्या आड ओढलेली खुर्ची परत भिंतीला लावली.

मग हिला लबाड म्हणायचं की नाही? रात्री झोप येत नाही, हसू नकोस. शब्द न् शब्द खरा, तरी माणूस फसतो. १९२६ साली पुस्तक निघालं तेव्हाही हीच बोंब झाली होती, म्हणजे मी एकटा येडा नव्हे. आणि आता खोडच लागलीय. काका वाटणीची हकीकत सांगायला बसले की मी त्यांची दहा मिनिटं शोधतो. त्यात आपला मुलूख असा! सीमेचा विषय निघाला की जो तो १९५६ पासून सुरुवात करणार, आणि आपल्याला नको ते गाळूनच पुढं जाणार. तू तर तुझ्या लग्नाची गोष्टसुद्धा तशीच सांगतोस. त्या बेळगावच्या लॉजचं काय झालं ते वहिनींना अजून माहीत नाही ना?

एक तक्रार मात्र सोडणार नाही. ती डॉक्टरची बहीण, कॅरोलाइन. गावात कुणाच्या घरी काय चाललंय ते घरबसल्या सांगते, आणि एका छताखालच्या सख्ख्या भावाचा तिला पत्ता नाही? आमच्या आक्काला फसवून दाखव म्हणावं. पण तिला हे कळू नये म्हणून गुप्तहेर प्वारो डॉक्टरला स्वतःच जीव द्यायची जी वाट मोकळी ठेवतो ना, तिथं मी पुस्तक मिटून उठलो. तेव्हा आपण दोघं खुनी खुनी करत भांडलो, पण बहिणीबद्दल एक शब्द कुणी बोललं नाही.

आता ख्रिस्तीबाईचं १९३९ चं, बेटावरच्या दहा माणसांचं, घेतलंय. सगळ्यांच्या मनात शिरून लिहिलंय, म्हणजे खुन्याच्याही. मी आधीच पेन्सिल घेऊन बसलोय. तुझं वाचून झालंय हे ठाऊक आहे, फोन करू नकोस.

फ्लॅटचा ताबा मिळाला का? धाकट्याची नोकरी पक्की झाल्याचं कळलं, बरं झालं. चतुर्थीला येणार असाल तर आधी कळव, आणि माझा अर्नाळकरांचा गठ्ठा घेऊन ये. तो तू 'वाचायला' नेलास त्याला आता तुझं पोट सुटलं.

तुझा,
बाळ्या