लेकरांवर ‘शैली’चे शिक्के मारू नका

मा. संपादक,
स. न.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पालकांसाठी एक सल्ला हमखास छापून येतो. तुमचं मूल पाहून शिकणारं आहे, ऐकून शिकणारं आहे की करून शिकणारं, ते ओळखा आणि घरी त्याच पद्धतीनं शिकवा. आता आमच्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावातही बोटांचे ठसे घेऊन ही ‘शैली’ सांगणारे येऊ लागलेत. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून आईबाप त्यांची फी भरतात. म्हणून हे पत्र.

मी डी.एड. आहे. शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता शिवणकाम धरलं आणि आता तेच माझं पोट भरतं. संध्याकाळी मशीन बंद झाली की माझी दोन लेकरं आणि गल्लीतली काही पोरं आमच्या पुढच्या खोलीत अभ्यासाला बसतात. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीपाशी राहणारी लेकरंही त्यांत असतात.

तिसरीतल्या एका मुलाचा असाच रंगीत पानांचा अहवाल त्याच्या वडिलांनी मला आणून दाखवला. हा मुलगा ऐकून नाही, पाहून शिकतो, असं त्यात लिहिलं होतं. झालं, आजोबांच्या गोष्टी बंद, पाढे म्हणून घेणं बंद, हातात मोबाइल आणि त्यावर व्हिडिओ. तो माझ्याकडे बसू लागला तेव्हा मला दिसलं की मी बोलत असताना तो वहीकडे बघत नाही, माझ्या ओठांकडे बघतो. मी कापड बेतायला पाठ वळवली आणि तशीच शुद्धलेखनाचा शब्द बोलले की त्याची पेन्सिल थांबायची. ‘धार’ सांगितलं तर ‘दार’ लिहायचा. त्याच्या आईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, उशीच्या अभ्र्यावर डाग पडतात खरे. लेकराचा कान वाहत होता! ग्रामीण रुग्णालयात दाखवलं, औषध झालं, कान कोरडा झाला, आणि पाठ वळवून सांगितलेले शब्दही तो लिहू लागला. पोराला ऐकू येत नव्हतं आणि कागदावर ती त्याची ‘शैली’ ठरली होती. याचा मला फार राग येतो.

या ठशांच्या चाचणीला डीएमआयटी म्हणतात. तिला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनंच सांगितलं आहे. ठसे घेणारे लोक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव पुढे करतात. बुद्धिमत्ता एकच नसून अनेक प्रकारची असते, हा बहुविध बुद्धिमत्तेचा विचार गार्डनर यांनी 1983 मध्ये मांडला हे खरं, पण बुद्धिमत्तेचे प्रकार आणि शिकण्याच्या शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका, हेही त्यांनीच सांगितलं आहे. ठसे सोडा, नुसत्या शैलींच्या कल्पनेचंही तसंच. 2008 मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं. त्यांची कसोटी सरळ होती. ‘पाहणारी’ आणि ‘ऐकणारी’ मुलं वेगळी काढा, दोन्ही गटांतल्या निम्म्यांना त्यांच्या शैलीनं शिकवा, निम्म्यांना उलट, आणि सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. आपापल्या शैलीनं शिकलेली मुलं पुढे गेली तरच ही कल्पना खरी. असा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग लेकरं सारखीच असतात का? मुळीच नाही. माझा मुलगा दुसरीत आहे, तो गणित मोठ्यानं बोलत सोडवतो. पाचवीतली मुलगी उत्तर येईपर्यंत तोंड उघडत नाही. एकाला घाई, एकीला वेळ. हा फरक आईनं ओळखायलाच हवा. पण कशानं शिकवायचं, हे बहुतेक वेळा धडाच सांगतो.

मुलीला अपूर्णांक कळेनात. एकछेद आठ मोठा की एकछेद चार? तिचं उत्तर, आठ मोठा, कारण आठ चारापेक्षा जास्त. मी तिला टेप हातात दिला आणि ब्लाऊजचं माप धरायला उभं केलं. सव्वाचौदावर बोट ठेव म्हटलं. एका इंचात आठ घरं असतात, ती तिनं मोजली. पाव इंच म्हणजे दोन घरं आणि एकछेद आठ म्हणजे एकच घर, हे तिचं तिनं पाहिलं. मग अर्धा, पाऊण, दीड, सगळं त्याच टेपवर झालं. आता कुणी म्हणेल, ही मुलगी करून शिकणारी. पण अपूर्णांक ही मापाचीच गोष्ट आहे, गल्लीतल्या बाकीच्या पोरांनाही तो टेपवरच कळला. हीच मुलगी कविता ऐकून, चालीवर पाठ करते. आणि दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, हे तिला वहीत नदी काढल्याशिवाय ध्यानात राहिलं नाही.

मुलाचं वेगळंच. सत्तावीस म्हटलं की तो 72 लिहायचा. आपल्याकडे आधी सात कानावर पडतात, वीस नंतर, मग लेकरू ऐकलं तसंच लिहितं. यावरूनच 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला ‘वीस सात’ म्हणायला शिकवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी तुराट्यांचे बारीक तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या दोऱ्यानं बांधल्या. दोन जुड्या, सात सुट्या काड्या, शेजारी आकडा, आणि तोंडानं सत्तावीस. डोळा, हात, कान, तिन्ही एकदम. त्यातलं एक निवडून बाकीची दारं का लावून घ्यायची?

घरी आणखी दोन गोष्टींचा खरा उपयोग होतो आणि त्यांना पैसा लागत नाही. पुस्तक मिटून, काय वाचलं ते सांग म्हणायचं. आणि आज शिकवलेलं दोन-तीन दिवस मध्ये जाऊ देऊन पुन्हा विचारायचं. भाकरी थापतानाही विचारता येतं.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती वेगळ्याच लेकरांची. तोंडी हुशार, हिशेबाला पक्की, पण चौथीत येऊनही काना-मात्रा गाळतात, ओळ सोडून वाचतात, जोडाक्षराला अडतात. अशा मुलाला ‘वाचून शिकण्याची शैली नाही’ म्हटलं की घरचे निर्धास्त होतात आणि त्याची वर्षं जातात. ही अध्ययन अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. तपासणी करून घेणं हा त्या लेकराचा हक्क आहे आणि ते काम ठसे घेणाऱ्याचं नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येऊन मुलं तपासतात, गरज पडली तर पुढे पाठवतात. पण पथक कधी येणार हे घरी ठाऊक नसतं आणि नेमक्या त्या दिवशी लेकरू गैरहजर असतं. आपल्या परभणीच्या पानावर या शाळाभेटींच्या तारखा तालुकावार छापाव्यात, ही आपल्याला विनंती. शेजारपाजारच्या आज्यांना तारीख वाचून दाखवायचं काम माझ्याकडे राहील.

आपली वाचक,
शिवणकाम करणारी एक आई,
सेलू, जि. परभणी