मेंढरं घेण्याआधी

सिन्नर, जि. नाशिक

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातली नोकरी सोडून पन्नास मेंढरं घ्यायचं तुझ्या मनात आहे, आणि मटण सातशे-आठशे रुपये किलो असताना तोटा होईलच कसा, असं विचारतोस. अरे, तो भाव दुकानातला. वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, कोकरू अजून नगावरच जातं. व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कंबर दाबून बघतो नि आकडा फेकतो. वीस किलोच्या कोकराचं नऊ-दहा किलो मटण पडतं, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं, पण तोंडाने तो कमीच धरतो. आपल्याला उद्या वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) उचलून पुढच्या शिवारात जायचं असतं, दुकानदाराची उधारी असते. थांबणार कसं? बकरी ईदला भाव चढतो खरा, पण त्यासाठी नर वर्षभर सांभाळायला हवा. तेवढा दम गाठीला रोकड असलेल्यालाच.

लोकरीचं विचारूच नकोस. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, वर्षाला जेमतेम अर्धा किलो. घोंगडीवाले उरले किती? कातरणीची मजुरीही निघत नाही, तरी कातरावी लागतेच.

चाऱ्याचं दुखणं याहून मोठं. सिन्नरचा पूर्व भाग कोरडा, म्हणून दिवाळीनंतर वाडे इगतपुरीकडच्या भातखाचरांकडे निघतात. शेतात मेंढरं बसवली की खताचे पैसे किंवा धान्य मिळतं. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक तेवढंच! निफाडकडे द्राक्षबागांना कुंपणं झाली, फवारलेल्या पाल्याला मेंढरू तोंड लावील ही धास्ती वेगळी. वनात चराईला मज्जाव, गोदाकाठच्या उसात बिबट्या. डिसेंबर 2021 च्या गार अवकाळीत पुणे-नगरकडे उघड्यावरची मेंढरं कशी काकडून मेली, ते तू पेपरात वाचलंच असशील.

तरी नको म्हणत नाही. राज्य सरकारच्या महामेष योजनेत आपल्या भज-क (भटक्या जमाती-क) प्रवर्गाला 20 मेंढ्या आणि 1 नर 75 टक्के अनुदानावर मिळतात. तेवढ्यावरच सुरुवात कर, पन्नासाचं खूळ सोड. फलटणच्या ‘नारी सुवर्णा’ जातीच्या मेंढीला जुळी होतात हे व्हिडिओत सांगतात, दोन कोकरांना दूध पुरायला आईला खुराक लागतो, ते कोण सांगणार? आंत्रविषाराची (आतड्याच्या रोगाची) लस पावसाळ्याआधी टोच, पीपीआर या साथीच्या रोगाचीही चुकवू नकोस.

आणि मेंढरांच्याही आधी टांगता वजनकाटा घे. आमच्या वस्तीवर तिघांनी मिळून आणला. व्यापारी रुसला, काही दिवस फिरकला नाही. मग आला नि मुकाट्याने किलोवर बोलू लागला. एकट्याने काटा दाखवलास तर तो पलीकडच्या वाड्यावर जाईल, म्हणून शेजारचे दोन-तीन वाडे आधी एकत्र कर.

वहिनींना पत्र वाचून दाखव. पाणी, सरपण, आजारी कोकरं, सगळं बाईच्याच अंगावर पडतं. त्या हो म्हणाल्या तरच इसार दे.

तुझा,
रामा