गोधडीला हात लावणाऱ्या सगळ्यांचे आभार

२८ एप्रिलला, कामावर जीव गमावलेल्यांच्या स्मृतिदिनी, आमच्या वस्तीतली, अशा गेलेल्यांच्या कपड्यांची गोधडी एकदाची मंडपात लागली. शिवणाऱ्यांनी ‘आमची नावं नकोत’ असं बजावलंय, म्हणून नाव न घेताच आभार मानते.

माझ्या भावाच्या चौकोनात त्याच्या खाकी शर्टाचा खिसा आहे. त्यावरचा सिमेंटचा डाग धुवायचा नाही, हे शिवणाऱ्या आजींनीच ठरवलं. खिशाभोवती त्यांनी घातलेला धावदोरा इतका बारीक, की मशीननं लाजावं. आणि म्हणे नजर अधू झालीय!

बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे २४ एप्रिल २०१३ रोजी कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्यातल्या काहींच्या घरच्यांनी आपल्या माणसांच्या आठवणी कांथ्याच्या, म्हणजे बंगाली गोधडीच्या टाक्यांत उतरवल्या. त्याचे फोटो दाखवणाऱ्या ताईंमुळेच आम्हाला हे सुचलं.

अस्तराला नऊवारी देणाऱ्या मावशी, रात्रपाळीहून येऊन सुया ओवून देणारी पोरं, भाडं न घेणारे टेम्पोवाले दादा, तुमचे किती आभार मानू? चहाचा हिशोब मात्र अजून लागलेला नाही.

काही घरांचे कपडे यायचेत. रविवारी दुपारी समाजमंदिरात बसणार आहोत. सुई आपापली आणा.