ब्लॅक बॉक्स उघडणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'एआय'वर जगाने मिळून नियम करावेत, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. विमान देखभालीत उभी हयात गेलेल्या मला त्या वाचताना एकच प्रश्न पडतो: काही बिघडलं तर चौकशी कोण करणार?

२०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कच्या 'एआय' सुरक्षिततेवरील जाहीरनाम्याला भारत, अमेरिका आणि चीनसह २८ देशांनी होकार दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसच्या 'एआय' परिषदेत, जिथे भारत सहअध्यक्ष होता, अमेरिकेने आणि ब्रिटनने जाहीरनाम्यावर सही नाकारली. म्हणजे पहिल्या पंगतीचा यजमानच दुसरीकडे पानावरून उठला! युरोपच्या 'एआय' कायद्यात दंड जागतिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत आहे खरा, पण त्याचं छत्र युरोपपुरतंच.

आता विमानाचं पाहा. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं. चौकशी आपल्या विमान अपघात तपास विभागाने हाती घेतली. विमान अमेरिकी बनावटीचं, म्हणून अमेरिकेचे तपासनीस आले, ब्रिटनचेही आले. यात कुणी कुणावर मेहेरबानी केली नाही. अपघात जिथे घडला त्या देशाने चौकशी करायची, विमान बनवणाऱ्या देशाला त्यात प्रतिनिधी नेमायचा हक्क आणि प्राथमिक अहवाल ३० दिवसांत, हे १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात आहे. अहवालावरून भांडणं होतात, पण भांडायला हातात कागद तरी असतो.

उद्या कॅलिफोर्नियात बनलेल्या 'एआय' मॉडेलने नांदेडच्या एखाद्या शेतकऱ्याचं कर्ज चुकून नाकारलं, तर नोंदी मागायच्या कुणाकडे? अर्थात विमान एका जागी पडतं आणि मॉडेलची चूक एकाच वेळी हजार ठिकाणी होते. त्यामुळे 'अपघात' कशाला म्हणायचं, इथूनच सुरुवात करावी लागेल.

संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट २०२५ मध्ये 'एआय'साठी ४० सदस्यांचं वैज्ञानिक मंडळ आणि देशोदेशींच्या संवादाची व्यवस्था मंजूर केली. भारताने तिथे भाषणाऐवजी असं चौकशीचं एक कलम मांडावं. नोंदी किती काळ जपायच्या, तेही त्यात लिहावं. आमच्याकडे कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद आधी शेवटचा अर्धा तास टिकायची, मग दोन तास झाले, आणि नव्या मोठ्या विमानांना २५ तासांचा नियम लागला तो अगदी अलीकडे.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई