मुलांच्या धनुष्याला शिकारीचा भाता नको

संपादक महोदय,

२०२३ साली बर्लिनला ओजस देवतळे आणि अदिती स्वामी तिरंदाजीच्या कंपाऊंड (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जगज्जेते झाले आणि माझ्या नातीने धनुष्यासाठी घर डोक्यावर घेतलं. दिवाळीत तिला तयार संच आणला. 'यात सगळं आलं, वेगळा भाता घ्यायची गरज नाही,' असं दुकानात सांगितलं. बाण ठेवायचा हा भाता धनुष्यालाच स्क्रूने बसवलेला, सहा बाणांचा.

मैदानावर बाण सारखे निशाणाच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या उजवीकडे जाऊ लागले. पोरगी रडकुंडीला आली. मी सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात घालवलेला माणूस. भाता काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. रिकामा २१० ग्रॅम, सहा बाणांचे १४०. एवढं ओझं धनुष्याच्या एकाच अंगाला! धनुष्य उजवीकडे कलायचं, नेम धरायच्या साईटवरच्या लेव्हलचा (धनुष्य सरळ आहे का ते दाखवणाऱ्या नळीचा) बुडबुडा डावीकडे पळायचा आणि तो मध्ये आणायला ती मनगट पिळायची. त्यातही एकेक बाण काढला की वजन उतरतं. पहिल्या बाणाला मनगटाचा जेवढा जोर लागे, तेवढा सहाव्याला लागत नसे. स्पर्धेत ५० मीटरवर ७२ बाण मारायचे असतात, तिथे हात बसणार कसा?

दुसरी गोष्ट, भात्याच्या रबरी खाचा जाड बाणांच्या होत्या. तिचे बारीक कार्बनचे बाण त्यात सैल बसत. एक तर निसटून शेजारच्या मुलीच्या पायाशी पडला.

वस्तू वाईट नाही, पण ती आहे शिकाऱ्यांची. अमेरिकेत हरणामागे झाडीतून हिंडताना बाण धनुष्यासोबत राहावेत आणि त्यांची धारदार पाती फोमच्या टोपणात झाकलेली असावीत, यासाठी ती बनली. तिथेही अनेक जण मचाणावर चढले की भाता काढून फांदीला अडकवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग नाशिकच्या बारा वर्षांच्या मुलीला तो कशाला?

कुणाला घ्यायचाच असेल तर आपले बाण दुकानात नेऊन खाचेत बसवून बघावेत आणि धनुष्य जोरात हलवावं. खडखड झाली तर नको. भाता धनुष्याला अगदी चिकटून असावा आणि एका हाताने चटकन निघावा. निशाणावर मारणाऱ्या मुलांना मात्र कमरेचा भाताच द्यावा.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे, म्हणजे असे संच आता आणखी खपतील. दुकानदारांना हात जोडून विनंती आहे, विकण्याआधी 'मूल कुठे आणि काय खेळणार?' एवढं विचारा. भात्याचे पैसे गेले त्याचं काही नाही. मनगट पिळायची सवय मोडायला नातीला तीन महिने लागले.

एका तिरंदाज मुलीचे आजोबा,
सिडको, नाशिक